सर्व वाद्यं: मी एकटा

ती. भावोजी यांस,

साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा अजून धरलेलाच आहे, तेव्हा आठांपैकी सात अंगांवर गोड मानून घ्यावे.) इकडे सगळं ठीक. आईची प्रकृती वयाच्या मानाने ठणठणीत. कानाचं यंत्र ती आता कुठे भांडण चाललं असेल तरच लावते. आमच्या हिची पाठ दुखते, त्याचं कारण पुढे ओघात येईलच. तुमची तब्येत कशी आहे, हे मात्र मी पत्राची सुरुवात करायची म्हणून विचारत नाहीये. खरंच विचारतोय. ताई फोनवर सांगते, की टाके भरून आले, सकाळचं फिरणं सुरू झालं, डॉक्टर खूश आहेत. परवा हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, की तुमचं जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवणं तेवढं बंद झालंय. दिवसभर खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून असता म्हणे. भावोजी, त्या बोटांचा आम्हा सगळ्यांना किती वैताग होता! वाट्या सरकायच्या, पेल्यातलं पाणी हिंदकळायचं, पाहुणे बोलता बोलता तुमच्या बोटांच्या नादानं भरभर बोलायला लागायचे, आणि ताई उभ्या संसारात जेवताना तुम्हाला 'अहो, पुरे' याखेरीज काही म्हणाली असेल असं मला वाटत नाही. आता टेबल गप्प आहे, आणि तीच बाई ते सांगताना रडवेली झाली. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही.

तुमच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शांत होतो तो मी एकटा. हे निदान मी ऐन तारुण्यात केलं होतं, तेही फुकट आणि दर तालमीला ओरडून, पण तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. आता त्यांनी तुमच्या छातीत पेसमेकर बसवलाय, जो म्हणे दिवसरात्र नेमानं टकटक करून ठोका सांभाळतो. मी हौसेनं आणलेलं तालाचं टकटक यंत्र ज्या माणसानं 'हे असेल तर मी नसेन' म्हणून शेडच्या खिडकीतून बाहेर फेकलं होतं, त्याच्याच छातीत शेवटी ते बसावं! (हसू नका, टाके दुखतील. आणि हसलातच, तर कशाला हसलात हे ताईला सांगू नका.)

इथून पुढे मी तुम्हाला 'अरे' म्हणणार आहे, त्याचा राग नसावा. आईनं लग्नात घालून दिलेला नियम तुम्हाला आठवत असेलच. तोवर तू माझा मित्र होतास, बँडचा ड्रमर होतास, तुला आम्ही 'घाई' म्हणायचो, आणि दुसऱ्या कडव्यात तुझी लय पळाली की मी तुझ्या अंगावर हाताला येईल ते फेकायचो. तुझं ताईशी ठरलं आणि आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून बजावलं, की आता ते घरचे जावई. उंबरठ्याच्या आत अहो, भावोजी, या, बसा. बाहेर त्या शेडमध्ये काय घालायचा तो गोंधळ घाला. त्यामुळे माझी फार पंचाईत झाली. संध्याकाळी ज्याचा गळा धरायचा, त्यालाच तासाभरानं 'भावोजी, अजून थोडं वाढू का' म्हणायचं. एकदा या दोन्हींच्या मधे माझी जीभ अडकली आणि मी भर तालमीत ओरडलो, 'भावोजी, गाढवा, हळू!' त्यावर मौनी हसला होता. मौनी हसलेला आपण त्याआधीही पाहिला नाही आणि नंतरही नाही. तर घरचं संपलं. आता बँडचं लिहितो.

आपण चौघे होतो. बॅटऱ्यांच्या दुकानामागची ती पत्र्याची शेड, तिच्यात कायमचा आंबूस ॲसिडचा वास, आणि आपल्या शर्टांना कुठून पडतात हे कुणाच्याच आईला न कळलेली बारीक बारीक भोकं. ड्रमवर तू. बेस गिटारवर मौनी, जो प्रत्येक कडव्याला एक श्वास उशिरा यायचा, आणि का, ते त्यानं कधी सांगितलं नाही, कारण तो काहीच सांगायचा नाही. दुसऱ्या गिटारवर वकील, जो माझ्या प्रत्येक सुरावर हरकत घ्यायचा. (पुढे तो खरोखरच वकील झाला, त्यामुळे लोकांना वाटतं की हे नाव नंतर पडलं.) गाणी मी लिहायचो, मी गायचो, आणि हुकूमही मीच सोडायचो. वाजवायचो रॉकच, पण लोकांना पाय हलवता येतील असलं नव्हे. एखाद्या गाण्यावर कुणाचा पाय हलला, की मी ते गाणं रद्द करायचो. त्या कॅसेट कंपनीच्या साहेबांनी आपल्याला बोलावलं तो दिवस आठवतो? साहेब म्हणाले, गाणं बरं आहे, पण 'गंज' हे नाव कोण विकत घेईल, जरा प्रेमाबिमाचं काही करा आणि लांबी निम्मी करा. मी उठलो, गिटार उचलली, 'गंज आहे तसाच राहील' असं म्हणालो आणि दार आपटून बाहेर पडलो. फार देखणा प्रसंग होता. फक्त ॲम्प्लिफायरची वायर आत राहिली आणि ती घ्यायला मला परत जावं लागलं. तेव्हा तू साहेबांच्या समोर बसून चहात बिस्किट बुडवत होतास, आणि साहेब तुला विचारत होते, की हा मुलगा घरीसुद्धा असाच असतो का. तू म्हणालास, 'घरी जरा जास्त.'

मग पांगलो. ज्याला चार ठोके एका मापाचे पाडता येत नव्हते, त्याला सरकारनं दुकानदारांची वजनमापं तपासायला नेमलं आणि वर बदलीही दिली. मौनी परदेशी गेला. (कळवलं नाही, अर्थातच. आपण दोन तालमी त्याची वाट पाहिली. त्याची उशिरा यायची सवयच होती.) वकिलानं एका गाण्याच्या मधल्या तुकड्यावरून माझ्याशी जो वाद सुरू केला, तो अजून निकाली निघालेला नाही. आणि मी छापखान्यात लागलो. तिथे मी औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापतो. 'वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा' ही माझ्या हातून सर्वांत जास्त लोकांपर्यंत पोचलेली ओळ. गाणी मात्र मी लिहीतच राहिलो. ती कुणी ऐकत नव्हतं, त्यामुळे त्यात कुणी बदलही सुचवत नव्हतं, आणि तेवढ्यापुरता मी सुखी होतो.

गेल्या वर्षी मनानं घेतलं, की आता अल्बम काढायचाच, आणि तो संपूर्ण एकट्यानं. गिटार मी, बेस मी, ड्रम मी, पेटीही मीच, सगळे आवाज माझे. तडजोड करायला दुसरा माणूस लागतो. दुसरा माणूसच नको, म्हणजे तडजोडीचा प्रश्न मुळातच मिटला. हे मी घरात जाहीर केलं. आईनं यंत्र लावलेलं नव्हतं, ती 'छान' म्हणाली. ही म्हणाली, की मग आवाजाचं काय. मी सांगितलं, की मागची खोली सगळ्या बाजूंनी बंदिस्त करणार. आणि घरातल्या एकूण एक गाद्या मी त्या खोलीच्या भिंतींना उभ्या बांधल्या. (पाठीचं कारण इथे आलं. आम्ही तेव्हापासून सतरंजीवर झोपतो. ही काही बोलत नाही, फक्त सकाळी उठताना मोठ्यानं 'आई गं' म्हणते, आणि तेसुद्धा खोलीच्या दाराकडे तोंड करून.) रेकॉर्डिंगला एक गृहस्थ मिळाले. त्यांचा मूळ धंदा लिफ्टमधल्या सूचना रेकॉर्ड करण्याचा: दरवाजा बंद होत आहे, कृपया दरवाजापासून दूर उभे राहा, वगैरे. अत्यंत शांत माणूस. काहीही वाजवलं तरी कानाला लावलेलं ते दुहेरी यंत्र जरा बाजूला करतो आणि म्हणतो, 'चालेल.' माझ्या जन्माचं काम, भावोजी, आणि हा म्हणतो चालेल! एकदा मी चिडून मुद्दाम बेसूर वाजवलं. तेही चालेल.

पहिल्यांदा गिटार घेतली. त्यांनी विचारलं, कानात टकटक देऊ का, पुढे बाकीची वाद्यं चढवायला सोपं जाईल. मी ताठपणे नाही म्हणालो. घड्याळाच्या काट्यावर मी गात नाही. सगळ्या गाण्यांच्या गिटारी दणक्यात वाजवल्या, स्वतःवर खूश झालो, आणि मग ड्रमला बसलो. (ड्रम तुझेच, माळ्यावर चादरीखाली होते. मोठ्या ड्रमचा आवाज घुमू नये म्हणून तू आत काय कोंबलं होतंस ते मला आत्ता कळलं. ताईची राखाडी लोकरी शाल! जी धोब्यानं हरवली म्हणून आईनं धोबी बदलला होता. शाल मी धुऊन ठेवली आहे. ताईला यातलं अक्षर कळता कामा नये.) तर ड्रमला बसलो, आणि पहिल्याच गाण्यात दुसऱ्या कडव्याला मी मागे पडलो. पुन्हा घेतलं, पुन्हा मागे पडलो. माझीच गिटार माझ्या हातातून निसटून पुढे पळत होती. मी रेकॉर्डिंगच्या यंत्रावर आळ घेतला. त्या शांत माणसानं पडद्यावर रेघा मोजून दाखवल्या: प्रत्येक गाण्यात, दुसरं कडवं आलं, की मी पळतो. लय नेमकी तुझ्यासारखी पळते, घाई. ज्यापायी मी तुझ्यावर जोडे फेकले, ते माझ्याच हातात मुरलेलं निघालं. गाणी लिहिताना मनात मागे तूच वाजत होतास, तर दुसरं काय होणार? मी त्या रेघांकडे बघत राहिलो आणि मला तुझी इतकी आठवण आली, की चहाचं निमित्त काढून बाहेर गेलो.

पण खरी फजिती बेसच्या वेळी झाली. प्रत्येक कडव्याच्या तोंडाशी गिटार क्षणभर थांबत होती. गाणं सुरू, शब्द सुरू, आणि मधेच भिंतीत कोनाडा असावा तशी एक रिकामी जागा. लिफ्टवाल्यांनी विचारलं, इथे काय येणार आहे? मी म्हणालो, इथे मौनी येतो. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि विचारलं, कधी येतात? मी म्हणालो, उशिरा. त्या भल्या माणसानं घड्याळ बघितलं आणि थांबायची तयारी दाखवली. मग मला त्यांना सगळं सांगावं लागलं: की असा कुणी येणार नाही, की मौनी कुठल्या देशात आहे हेही कुणाला ठाऊक नाही, की मी एकट्याचा अल्बम म्हणून जे वाजवून बसलो होतो, ते आपल्या चौघांचं होतं, फक्त तिघे गैरहजर होते. तुम्हा प्रत्येकाची जागा सोडून मी वाजवत होतो! वकिलाच्या हरकतीलासुद्धा मधल्या तुकड्यात दोन मात्रा मोकळ्या ठेवल्या होत्या. जगात कुठल्या एकट्या वाजवणाऱ्यानं असला घोळ घातला असेल असं मला वाटत नाही. मग मी मौनीसारखं उशिरा यायचा प्रयत्न केला. ते फार अवघड आहे. मुद्दाम उशिरा यायला गेलं, की ते उशिरा आल्यासारखं वाटत नाही, चुकल्यासारखं वाटतं. तो कसा यायचा कोण जाणे. शेवटी वेळेवर वाजवलं. लिफ्टवाले म्हणाले, चालेल.

त्या आठवड्यातच एक गोष्ट घडली, ती तुला सांगितलीच पाहिजे. दुपारची वेळ, मी दार लावून गाण्याच्या साथीचे मागचे आवाज गात होतो. तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत, एकावर एक. मधे मधे स्वतःलाच सूचना देणंही चालू होतं. सवय कुठे जाते? 'वकीलसाहेब, जरा थांबा', 'मौनी, आता आत ये', 'घाई, तुझ्या हातात काठ्या आहेत, चाबूक नव्हे', असं काहीबाही. तेवढ्यात दार वाजलं आणि ही ट्रे घेऊन उभी. ट्रेमध्ये चार कप. मी विचारलं, चार कुणाला? ती गोंधळली, खोलीत डोकावली, गाद्यांकडे बघितलं, आणि म्हणाली, 'मला वाटलं सगळे आलेत.' थट्टा नव्हती रे. तिला खरंच तसं वाटलं होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा आपला बँड मोडायच्या बेतात होता. चार कपांचा चहा तिनं फार थोडे दिवस केला, तरी हात विसरले नव्हते. आम्ही दोघे तिथेच गाद्यांना टेकून बसलो आणि दोन-दोन कप चहा प्यायलो. ती म्हणाली, तुमचे भावोजी किती हसवायचे. मी म्हणालो, हो, मुख्यतः वाजवून.

पुढे ड्रमसाठी मात्र मी तत्त्व गुंडाळून ठेवलं, कानात टकटक घेतलं आणि सगळ्या गिटारी, बेससकट, पुन्हा वाजवल्या. ड्रम शिकण्याची हकिगत लिहिण्यासारखी नाही. उजव्या पायाचं ऐकावं तर डावा हात रुसतो, दोन्ही हातांची समजूत काढावी तोवर पाय भलतीकडे गेलेला असतो. आई यंत्र लावून धावत आली. तिला वाटलं आत मोठं भांडण जुंपलंय. बघितलं तर मी एकटाच, म्हणून निराश होऊन परत गेली. पण जमवलं. सगळं अगदी मापात वाजवलं. इतकं मापात, की निरीक्षक म्हणून तू त्यावर शिक्का मारशील आणि ड्रमर म्हणून उठून जाशील.

एक गाणं तेवढं राहिलंय, 'सुट्टी'. आपण ते आख्खं एकदाच वाजवलं होतं. त्या दुपारी शेडची वीज गेली होती, आठवतं? ॲम्प्लिफायर मेलेले, वकिलाची आणि माझी गिटार डब्यातल्या चमच्यांसारखी किणकिणत होती, मौनीचा तर नुसता हात हलताना दिसत होता, आणि आवाज म्हणावा असा एक तुझ्या ड्रमचा. घरी जाऊ या असं मी म्हणणार, तेवढ्यात तू चार मोजलेस. दुसऱ्या कडव्याला तू पळालास, आणि वीजच नसल्यामुळे तुला थांबवायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मीही पळालो. वकील हरकत घ्यायला विसरला. मौनी वेळेवर आला! मी छातीच्या तळापासून ओरडत गात होतो, घामानं डोळे चुरचुरत होते, आणि गाणं इतक्या वेगात शेवटाला आलं की आपण चौघेही त्याच्यावर जाऊन आदळलो.  तुला शिव्या देण्यासाठी मी तोंड उघडलं आणि मला एकही शिवी आठवेना. बॅटरीवाल्या मालकांनी दारातून डोकावून विचारलं, संपलं का? आपण म्हणालो, संपलं. ते म्हणाले, 'एवढ्यात?' आयुष्यात आपल्याला मिळालेली शाबासकी म्हणायची तर ती तेवढीच, आणि मला आजही ती पुरते.

त्या गाण्याचे ड्रम मला येत नाहीत. टकटक लावून बघितलं, मेलं. टकटक काढून बघितलं, तर मी ठरवून पळतोय हे ऐकू येतं. तुझं पळणं ठरवलेलं नव्हतं. तुला फक्त पुढे काय येतंय ते बघायची घाई असायची. हे मला त्या वयात कळलं असतं तरी मी कबूल केलं नसतं. लिफ्टवाल्यांना मी माझे सगळे प्रयत्न ऐकवले. त्यांनी कानावरचं ते दुहेरी यंत्र काढलं, पुसलं, खाली ठेवलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा म्हणाले, 'हे नाही चालणार.'

असो. गाणं गाळून टाकणार आहे. अल्बम त्याशिवायही पुरेसा मोठा आहे, आणि एकट्यानं केल्याचं समाधान काही वेगळंच असतं. तुम्ही औषधं वेळेवर घ्यावीत, जड उचलू नये, ताईचं ऐकावं. हिचा तुम्हा दोघांना नमस्कार. आईचे आशीर्वाद. आपला लोभ आहेच, तो या अल्बमच्या श्रवणानंतरही टिकावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक मेहुणा
(आणि शेडमधला हुकूमशहा)

ता. क. तुम्ही इकडे यावं असा या पत्राचा अर्थ मुळीच काढू नये. सहज म्हणून कळवतो, की तुमच्या जुन्या काठ्या सापडल्या, ड्रमची पानं मी नवी बसवली आहेत, आणि तुमचं ते बसायचं गोल स्टूल तुमच्या उंचीला लावून ठेवलंय. माझ्या उंचीला ते असंही होत नव्हतं.

आणखी एक ता. क. सहज म्हणून हेही कळवतो, की गेल्या महिन्यात मी तुमच्या डॉक्टरांना भेटून आलो. (तुमच्या गावात येऊन घरी आलो नाही, हे ताईला कळलं तर माझी धडगत नाही.) मी विचारलं, पेसमेकर बसवलेल्या माणसानं ड्रम वाजवले तर चालतील का. ते म्हणाले, टाके भरलेत, खांदा मोकळा झालाय, आता हरकत नाही. थोडं थोडं वाजवू दे, दम लागला की थांबू दे, आणि स्पीकर छातीशी कवटाळून बसू नये म्हणजे झालं. मग त्यांनी विचारलं, संगीत कुठल्या प्रकारचं? मी 'गंज' ऐकवलं. ते पूर्ण ऐकून म्हणाले, वाजवणाऱ्याची मला काळजी नाही, ऐकणाऱ्यांना तपासून घ्या.

अजून एक, आणि हे शेडमधलं आहे. अल्बमची पाकिटं आमच्याच छापखान्यात छापून झाली. मागच्या बाजूला मोठ्या टायपात टाकलंय: 'सर्व वाद्यं, सर्व आवाज: मी एकटा'. प्रूफ मीच तपासलं. आता गठ्ठे बांधून पलंगाखाली पडलेत. तू येऊन एक गाणं वाजवलंस तर त्यातलं प्रत्येक पाकीट खोटं ठरेल. ठरू दे. मी आजवर एक अक्षर कुणासाठी बदललं नाही, पण हे सगळं हातानं खोडत बसायची माझी तयारी आहे. एकट्यानं वाजवायला मजा येत नाही रे.

शेवटचं ता. क. (ताई, हे तुझ्यासाठी.) त्या घरात आलेलं प्रत्येक पत्र आधी तू फोडतेस, हे मला माहीत नाही असं समजू नकोस, मजकूर त्याच बेतानं लिहिलाय. शालीवरून आणि मी घरी न आल्यावरून काय भांडायचं ते आपण सावकाश भांडू, आईलाही बरं वाटेल. पण त्याआधी एक ऐक. वर मी लिहिलंय की सगळ्यांत मी एकटा शांत होतो, ते साफ खोटं आहे. दवाखान्यातून तुझा फोन आला तेव्हा मी मशीनशेजारी फरशीवर बसलो, आणि मला उठवून पाणी पाजेपर्यंत मागे लेबलं कोरीच छापली जात होती. त्यामुळे तू का घाबरतेस हे मला सांगायला नको. रविवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो. तूही चल. त्याला काही उचलू देणार नाही, ड्रम खालीच मांडलेत, पायरी चढायची नाही, गाणंही एकच आहे. वाजवताना त्याला काही झालं तर, असं तू विचारशील. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ताई. पण न वाजवता त्याचं काय होतंय, ते तू रोज बघतेच आहेस.